नूरला शोधत डाखाऊला

मागच्या उन्हाळी सुट्टीत आम्ही जर्मनीला जाऊन आलो. आमचा भाचा म्युनिक शहरात नोकरीला आहे. "मामू, मुमानीला आणि आपाला घेऊन एकदा तरी या," असा त्याचा दोन वर्षांपासून आग्रह होता. लेकीची दहावीची परीक्षा संपली, पैशांची जुळवाजुळव झाली आणि आम्ही तिघे निघालो. भाच्याने काय काय पाहायचे याची यादी करून ठेवली होती. राजवाडा, सरोवर, आल्प्सचे डोंगर, मोटारींचे संग्रहालय. त्या यादीत आम्ही सर्वांत वर एक नाव लिहायला सांगितले : डाखाऊ.

तो जरा थांबला. "मामू, ती छळछावणी आहे. तिथे कुणी सहलीला जात नाही."

"सहलीला नाही जायचे, बेटा. आपल्याकडच्या एका मुलीला सलाम करायचा आहे."

ती मुलगी म्हणजे नूर इनायत खान. पण जाण्यामागे आणखी एक कारण होते, ते आम्ही घरात कुणाला सांगितले नव्हते. परीक्षेच्या आधी एका ऑफ तासाला आम्ही नववीच्या वर्गावर होतो. दुसऱ्या महायुद्धाचा विषय निघाला. वर्गातला एक मुलगा, हुशार, नमाजी, कधी कुणाला उलट न बोलणारा, उभा राहिला आणि म्हणाला, "सर, हिटलरने यहुद्यांचे केले ते बरेच केले की." दोघेतिघे हसले. फलस्तीनच्या मुलांचे व्हिडिओ तो रोज फोनवर पाहतो, हे आम्हाला ठाऊक होते. त्याच्या बोलण्यात द्वेषापेक्षा दुःख जास्त होते. आम्ही काय केले? "गप्प बस, पुस्तक काढ," एवढेच म्हणालो. तास संपला. बीस वर्षांहून अधिक काळ मुलांना शिकवतो आहोत, पण त्या मुलाला द्यायला त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हते, आणि ते खूप दिवस मनात सलत राहिले.

आधी नूरविषयी सांगतो, कारण आपल्या घरांतून तिचे नाव जितके माहीत असायला हवे तितके नाही.

तिची मुळे बडोद्याची. सयाजीराव गायकवाडांच्या काळात मौला बख्श नावाचे मोठे गवई बडोद्यात होते. 1886 मध्ये महाराजांच्या आश्रयाने त्यांनी तिथे संगीताची शाळा सुरू केली. त्यांचे लग्न टिपू सुलतानच्या घराण्यातल्या मुलीशी झाले होते. त्यांच्या मुलीचा मुलगा म्हणजे हजरत इनायत खान. 1882 मध्ये बडोद्यात जन्मलेला हा वीणावादक 1910 मध्ये भावंडांसह अमेरिकेला गेला आणि पुढे युरोप-अमेरिकेत सूफी विचार सांगणारा गुरू म्हणून ओळखला जाऊ लागला. त्यांनी एका अमेरिकन स्त्रीशी निकाह केला. त्यांची थोरली मुलगी नूर 1914 च्या जानेवारीत मॉस्कोला जन्मली. ती वाढली पॅरिसजवळच्या सुरेन गावात, 'फजल मंझिल' नावाच्या घरात. वालिद हिंदुस्थानात आलेले असताना 1927 मध्ये दिल्लीत वारले. त्यांची मजार हजरत निजामुद्दीनच्या वस्तीत आहे. नूर तेव्हा तेरा वर्षांची होती. अम्मी दुःखाने खचल्या आणि धाकट्या तिघा भावंडांचे बरेचसे या पोरीवर आले.

ती वीणा वाजवायची, मुलांसाठी गोष्टी लिहायची. 1939 मध्ये तिचे जातककथांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. स्वभावाने लाजरी आणि हळवी. 1940 मध्ये जर्मन फौजा पॅरिसवर आल्या तेव्हा हे कुटुंब इंग्लंडला निघून गेले. नूर तिथे हवाई दलाच्या महिला शाखेत भरती झाली, वायरलेस शिकली, आणि फ्रेंच उत्तम येत असल्याने गुप्त कामासाठी निवडली गेली. 1943 च्या जून महिन्यात रात्रीच्या विमानाने तिला फ्रान्समध्ये उतरवले गेले. शत्रूच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये पाठवलेली ती पहिली महिला वायरलेस ऑपरेटर. पोहोचून काही दिवस होतात तोच तिच्या गटातले बहुतेक लोक पकडले गेले. परत ये, असे लंडनहून सांगितले गेले. तिने नकार दिला. यंत्राचे ओझे उचलून, घरे बदलत, ती पॅरिसमधून निरोप पाठवत राहिली. ऑक्टोबरमध्ये कुणीतरी पैशांसाठी तिची खबर दिली आणि ती पकडली गेली. तिने पळण्याचे प्रयत्न केले. मग तिला जर्मनीतल्या फोर्झहाइमच्या तुरुंगात नेऊन सुमारे दहा महिने हातापायांत साखळदंड घालून एकटीला कोंडले. शेवटी सप्टेंबर 1944 मध्ये तिला डाखाऊला आणले.

म्युनिकच्या मोठ्या स्टेशनातून लोकल गाडीने डाखाऊ वीसपंचवीस मिनिटांवर आहे. स्टेशनबाहेर बस उभी असते. आमच्या बसमध्ये अर्धी गर्दी शाळकरी मुलांची होती, सोबत त्यांच्या बाई. गाव जुने आणि देखणे आहे. उंचावर वाडा, खाली कौलारू घरे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हे गाव चित्रकारांचे म्हणून प्रसिद्ध होते. लेक खिडकीतून पाहत म्हणाली, "अब्बा, इथे लोक राहतात? अजून?" भाचा म्हणाला, "तेव्हाही राहत होते."

हीच गोष्ट आम्हाला आधी नीट कळली नव्हती. छळछावणी म्हणजे कुठेतरी रानात लपवलेले काही असेल, अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात ही छावणी गावाच्या कडेला, बंद पडलेल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात उघडली गेली, आणि तिची बातमी वर्तमानपत्रात छापून आली होती. हिटलर 30 जानेवारी 1933 ला सत्तेवर आला. त्यानंतर दोन महिनेही झाले नाहीत तोच म्युनिकचा पोलीस प्रमुख हिमलर याने जाहीर केले की डाखाऊजवळ 5000 माणसे मावतील अशी छावणी सुरू होत आहे. 22 मार्च 1933 ला पहिले कैदी आले. ते यहुदी म्हणून आणलेले नव्हते. ते होते सरकारच्या विरोधातले लोक : कम्युनिस्ट, समाजवादी, कामगार संघटनांचे कार्यकर्ते. आरोपपत्र नाही, खटला नाही, शिक्षेची मुदत नाही. शांतता आणि सुरक्षिततेसाठी हे करावे लागते, असे सांगितले गेले आणि बहुतेकांनी ते मान्य केले.

संग्रहालयात त्या पहिल्या महिन्यांची हकीकत वाचताना आम्ही फार वेळ थांबलो. 12 एप्रिल 1933 ला चार कैद्यांना गोळ्या घातल्या गेल्या. चौघेही यहुदी होते. पळून जात होते म्हणून मारले, असे छावणीने कळवले. म्युनिकच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयात योझेफ हार्टिंगर नावाचा एक अधिकारी होता. त्याला ते पटले नाही. तो स्वतः छावणीत गेला, डॉक्टरांकडून प्रेतांची तपासणी करवली, कागद जमवले आणि छावणीच्या प्रमुखावर खटल्याची तयारी केली. वरच्यांनी प्रकरण दाबले. प्रमुख तेवढा बदलला आणि त्याच्या जागी थिओडोर आइके आला. त्याने छावणीसाठी शिक्षांची कडक नियमावली केली. पुढे तीच पद्धत इतर छावण्यांत गेली. म्हणजे डाखाऊ ही त्या सगळ्या छावण्यांची पहिली शाळा ठरली. एका माणसाने वेळेवर "हे खोटे आहे" असे लिहून ठेवले होते. आणखी दहाजणांनी त्याला साथ दिली असती तर, असे वाटत राहिले.

आत जाण्याचा रस्ता एका लोखंडी फाटकातून आहे. त्यावर जर्मन अक्षरांत लिहिले आहे की कामाने मुक्ती मिळते. आम्ही भाषा शिकवणारी माणसे. शब्दांची इतकी मोठी बेइमानी आम्ही दुसरीकडे पाहिलेली नाही. या फाटकाची कथाही विचित्र आहे. 2014 च्या नोव्हेंबरमध्ये ते रात्री चोरीला गेले. दोन वर्षांनी नॉर्वेमध्ये सापडले. आता मूळ फाटक संग्रहालयात ठेवले आहे आणि जागेवर त्याची हुबेहूब नक्कल आहे.

फाटकाच्या आत भले मोठे मैदान. सकाळ-संध्याकाळ इथे कैद्यांची मोजणी व्हायची. थंडी असो, पाऊस असो, आकडा जुळेपर्यंत उभे राहायचे. मैदानापलीकडे 34 बराकी होत्या. आज त्यातल्या दोन नव्याने बांधून दाखवल्या आहेत, बाकीच्यांच्या जागी नुसत्या सिमेंटच्या चौकटी आणि खडी. मधून सरळ रस्ता आणि दोन्ही बाजूंना उंच पॉप्लरची झाडे. मे महिना असल्याने झाडांना कोवळी पाने होती आणि पाखरे ओरडत होती. एका बराकीत सुमारे 200 माणसांची सोय धरलेली होती, शेवटी शेवटी एकेका बराकीत 2000 पर्यंत माणसे कोंबली होती. लाकडी फळ्यांचे तीन मजली बिछाने पाहून मुमानी, म्हणजे आमची बेगम, तोंडाला ओढणी लावून बाहेर निघून गेल्या.

बारा वर्षांत इथे आणि हिच्या शाखा-छावण्यांत 40 हून अधिक देशांचे 2 लाखांवर कैदी आणले गेले. त्यातले किमान 41,500 मेले. नोव्हेंबर 1938 मध्ये जर्मनीभर यहुद्यांची दुकाने आणि प्रार्थनाघरे जाळली गेली, तेव्हा 10,000 हून अधिक यहुदी पुरुष एकदम इथे आणले गेले. पोलंडचे पाद्री, भटक्या रोमा जमातीचे लोक, यहोवाचे साक्षीदार, समलिंगी पुरुष, फ्रेंच, रशियन, इटालियन, सगळे होते. प्रत्येकाच्या कपड्यावर कापडी त्रिकोण, रंगावरून कळावे की हा कोणत्या गुन्ह्याचा. 4000 हून अधिक सोव्हिएत युद्धकैदी जवळच्या हेबर्ट्सहाउसेन गावी नेऊन गोळ्या घालून मारले. डॉक्टरांनी इथे जिवंत माणसांवर प्रयोग केले. मुद्दाम मलेरिया दिला, बर्फाच्या पाण्यात बुडवून माणूस किती वेळ जगतो ते पाहिले. ते शिकलेले लोक होते. आमच्यासारखी त्यांच्याकडेही पदव्यांची प्रमाणपत्रे होती.

संग्रहालयामागे कोठड्यांची लांब इमारत आहे. तिथे गेओर्ग एल्झर या सुताराची माहिती मिळाली. 8 नोव्हेंबर 1939 ला म्युनिकमध्ये हिटलरच्या सभेत त्याने एकट्याने बनवलेला बॉम्ब फुटला, पण हिटलर काही मिनिटे आधीच निघून गेला होता. एल्झरला पाच वर्षांवर कोंडून ठेवले आणि युद्ध संपायला महिना उरलेला असताना 9 एप्रिल 1945 ला इथे मारले. सगळे जर्मन गप्प नव्हते, हेही लेकीला दाखवता आले.

मग आम्ही ज्यासाठी आलो होतो तिकडे निघालो. छावणीच्या टोकाला एक छोटा पूल ओलांडला की झाडीत शवदाहगृह आहे. आत विटांच्या भट्ट्या आहेत. शेजारी गॅसची खोलीही आहे. तिचा वापर करून इथे सामूहिक हत्या झाल्या नाहीत, पण ती बांधून तयार होती. तिथेच एक पाटी आहे आणि त्या पाटीवर चार नावे. नूरबरोबर योलांद बीकमन, मादलेन दामरमां आणि एलियान प्लूमन या तीन बायका होत्या, चौघी एकाच कामावरच्या. 13 सप्टेंबर 1944 च्या पहाटे चौघींना गोळ्या घातल्या आणि प्रेते जाळली. नूर तीस वर्षांची होती. तिने शेवटपर्यंत आपल्या साथीदारांविषयी तोंड उघडले नाही. ब्रिटनने 1949 मध्ये तिला जॉर्ज क्रॉस हे मोठे पदक दिले, फ्रान्सनेही सन्मान केला.

कबर नाही. राख कुठे टाकली तेही कळायला मार्ग नाही. त्या झाडीत जागोजागी राखेचे खड्डे आहेत, त्यांवर दगड आणि फुले. आम्ही चौघे पाटीसमोर हात उचलून उभे राहिलो. दुआ झाल्यावर लेकीने हळूच विचारले, "अब्बा, बाकीच्या तिघींसाठी पण मागितली ना?"

खरे सांगायचे तर आम्ही नाव घेतले होते ते एकट्या नूरचे. सकाळपासून आमची नजर तिचेच नाव शोधत होती. इतक्या हजारो नावांत आपले कोण, एवढाच हिशेब आम्ही करत होतो. आणि नूर मेली ती काही 'आपल्यां'साठी नव्हे. तिने ज्यांच्यासाठी यंत्र उचलले त्यात ख्रिस्ती होते, यहुदी होते, काही न मानणारेही होते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांचा एक प्रसंग आम्ही मुलांना अनेकदा सांगितला आहे. वाटेने एक जनाजा चालला होता. आप (स.) उठून उभे राहिले. जवळच्यांनी सांगितले की हा तर एका यहुद्याचा जनाजा आहे. त्यावर आप (स.) यांनी विचारले, की तोही एक जीवच नव्हता का? बुखारी शरीफमधली ही हदीस आम्हाला तोंडपाठ होती. तिचा अर्थ त्या भट्ट्यांसमोर आमच्या मुलीने लावून दाखवला. आम्ही पुन्हा उभे राहिलो, या वेळी कुणाचेही नाव न घेता.

बाहेर येताना एका पुतळ्यापाशी थांबलो. अंगावर ढगळ कोट, हात खिशात, असा एक अनाम कैदी. खाली मृतांचा मान आणि जिवंतांना इशारा, अशा अर्थाच्या ओळी कोरल्या आहेत. छावणीच्या त्याच टोकाला ख्रिस्ती लोकांच्या दोन पंथांची प्रार्थनास्थळे, यहुद्यांचे स्मारक आणि थोडे पुढे रशियन पद्धतीचे लाकडी चॅपल आहे. चौघांची बांधणी वेगळी, पण जमीन एकच.

ही जागा आज जपलेली दिसते म्हणून ती आपोआप जपली गेली असे नाही. 29 एप्रिल 1945 ला अमेरिकन सैन्य पोहोचले तेव्हा आत सुमारे 32,000 माणसे जिवंत होती, टायफसने पोखरलेली. त्यानंतर इथे आधी नाझी आरोपींना ठेवले, त्यांच्यावर खटले चालले. 1948 पासून पूर्व युरोपातून हाकलून दिलेल्या जर्मन निर्वासितांना याच बराकींत राहायला दिले. दुकाने निघाली, मुलांची शाळा भरली. त्या निर्वासितांचाही काही दोष नव्हता, त्यांना छप्पर हवे होते. पण हळूहळू लोकांना आठवण नकोशी झाली. 1955 च्या सुमारास शवदाहगृह पाडून टाकावे अशी मागणीही स्थानिक पुढाऱ्यांकडून आली. तेव्हा इथून वाचलेले जुने कैदी वेगवेगळ्या देशांतून एकत्र आले, समिती केली, पाठपुरावा केला, आणि 1965 मध्ये स्मारक उघडले. मैदानावर काटेरी तारांत अडकलेल्या देहांचे जे काळे शिल्प आहे ते 1968 चे, युगोस्लाव्हियाच्या नांदोर ग्लिड यांचे. ते स्वतः यहुदी होते आणि त्यांचे घरचे लोक आउशविट्झमध्ये मारले गेले होते. जवळच्या भिंतीवर पाच भाषांत लिहिले आहे की पुन्हा कधीही नाही.

स्मारक पाहायला तिकीट नाही. जर्मनीतल्या शाळा आपल्याच देशाचा हा गुन्हा मुलांना दाखवायला आणतात. सकाळच्या बसमधल्या त्या बाई मैदानात मुलांना काही समजावत होत्या. मुले गंभीर होती, एकदोघे चुळबूळ करत होते, जशी मुले असतात तशीच. आपल्या बापजाद्यांनी केलेले मुलांपुढे उघडून ठेवायला धीर लागतो. आम्हाला त्या बाईंचा आदर वाटला आणि आमचा ऑफ तास आठवला.

फाटकाबाहेर झाडाखाली जोहरची कसर नमाज पढलो. भाच्याने डबा उघडला. परतीच्या गाडीत कुणी फारसे बोलले नाही. यादीतले सरोवर आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिले. तेही सुंदर आहे.

जूनमध्ये शाळा उघडली. तो मुलगा आता दहावीत आला होता. आम्ही त्याला एकट्याला न बोलावता सगळ्या वर्गाला नूरची गोष्ट सांगितली. बडोदा, वीणा, जातककथा, वायरलेस आणि ती पाटी. शेवटी हेही सांगितले की मागे एकाने या वर्गात एक वाक्य बोलले होते, तेव्हा सर गप्प राहिले, ती सरांची चूक झाली. हिटलरने जे केले ते केवळ यहुद्यांचे केले नाही, ज्याचा जीव त्याला नकोसा झाला त्या प्रत्येकाचे केले. आणि फक्त यहुद्यांचे केले असते तरी तो तितकाच मोठा जुलूम होता.

तो उभा राहिला. "पण सर, फलस्तीनच्या पोरांचे काय?"

"त्यांच्यासाठी तुझ्या डोळ्यांत पाणी येते ते बरोबरच आहे," आम्ही म्हणालो. "ते पाणी आटू देऊ नकोस. पण कुठल्या कौमशी वैर असले तरी इन्साफ सोडू नका, असा कुरआनचा हुकूम आहे. आज गाझाचे पोर मरते तेव्हा तू ज्या तराजूने तोलतोस, त्याच तराजूत त्या काळचे यहुदी पोरही ठेव. तराजू बदललास तर उद्या तुझ्या दुःखाला कोण खरे मानेल?"

तो बसला. त्याला पटले की नाही ते आम्हाला ठाऊक नाही. एका तासात पटावे अशी ही गोष्ट नाही. पण या खेपेला आम्ही "पुस्तक काढ" म्हणालो नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, जर्मनीला जाणे प्रत्येकाला जमणार नाही. पण नूरची गोष्ट घरात सांगायला पैसे लागत नाहीत. रात्री जेवणानंतर मुलांना जवळ घेऊन सांगा. त्या वेळी बाकीच्या तिघींची नावेही घ्या. अल्लाह आपल्या मुलांना सर्वांच्या दुःखासाठी उभे राहण्याची तौफीक देवो. आमीन.